पाटबंधारे खात्याच्या नजरेतून जग

सिंहगड रस्त्यावरच्या कुठल्याही सोसायटीत आता परदेश पाहून आलेलं एखादं कुटुंब असतंच. आयफेल टॉवर चिमटीत धरल्याचा फोटो, पिसाच्या मनोऱ्याला हात लावून उभं राहणं, नायगाऱ्याचा निळा रेनकोट हे सगळं भिशीच्या ग्रुपवर येऊन गेलेलं असतं. मराठी माणसाची ही हौस काल-परवाची नाही. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेचं प्रवासवृत्त १८८९ सालीच लिहून प्रसिद्ध केलं होतं. मीना प्रभूंनी तुर्कस्तान, इजिप्त, चीन असा एकेक देश एकेका पुस्तकात वाचकांना फिरवून आणला. पुढे ग्रुप टूर आल्या, पॅरिसमध्ये पिठलं-भात मिळू लागला आणि साठी उलटलेल्या जोडप्यांनी बिनधास्त पासपोर्ट काढले.

धायरीच्या रायकर मळ्यातलं एक निवृत्त जोडपं अशाच सहलींना जातं. काकू शाळेत इतिहास शिकवत होत्या. काकांची उभी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. त्यामुळे कुठलीही जगप्रसिद्ध वास्तू समोर आली की काकू विचारतात, "कोणी बांधली?" आणि काका विचारतात, "इथलं पाणी कुठून येतं आणि जातं कुठे?" गाईड पहिल्या प्रश्नाला सरावलेले असतात. दुसऱ्या प्रश्नाला बरेचदा गडबडतात.

काकांचा प्रश्न धायरीला शोभणारा आहे. रस्ता मोकळा असला तर इथून खडकवासला धरण गाडीने पाव-अर्ध्या तासावर, आणि तरी उन्हाळ्यात गल्लीबोळांत टँकर फिरताना दिसतात. मुठेवरचं ते दगडी धरण १८७०च्या दशकात बांधलं गेलं. विश्वेश्वरय्यांनी शोधलेले आपोआप उघडणारे दरवाजे १९०३ साली पहिल्यांदा बसले ते याच धरणावर. पुढे १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटलं आणि त्या लोंढ्यात खडकवासल्याची भिंतही गेली. धरणाच्या जवळच १९१६ सालापासूनची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था आहे. नद्या आणि धरणांच्या छोट्या प्रतिकृती करून त्यांत पाणी सोडून पाहणं हे तिथलं रोजचं काम. अशा शेजारात आयुष्य काढलेला माणूस रोमला गेला, तर त्याचं लक्ष पुतळ्यांच्या आधी तोट्यांकडे जाणार.

रोममध्ये नेमकं तसंच झालं. ट्रेव्ही कारंज्यासमोर मुंगी शिरायला जागा नव्हती. पाठमोरं उभं राहून खांद्यावरून नाणं टाकलं की माणूस पुन्हा रोमला येतो, अशी समजूत आहे. काकूंनी नाणं टाकलं. काका मात्र या कारंज्याचं पाणी कुठलं, ते समजून घेण्यात गुंतले होते. २६ मीटर उंचीचं हे कारंजं निकोला साल्वीने आखलं. काम १७३२ साली सुरू झालं आणि साल्वीच्या मृत्यूनंतर, १७६२ साली, पुरं झालं. पण त्याची जलवाहिनी कितीतरी जुनी. सम्राट ऑगस्टसचा सेनापती आणि जावई अग्रिपा याने इसवी सनापूर्वी १९ साली 'ॲक्वा व्हर्गो' ही वीसेक किलोमीटरची वाहिनी शहरात आणली. तिचा बहुतेक भाग जमिनीखालून जातो. इसवी सन ५३७ मध्ये वेढा घालून बसलेल्या गॉथ सैन्याने रोमचं पाणी तोडलं. उंच कमानींवरच्या बऱ्याच वाहिन्या पुढे कायमच्या कोरड्या पडल्या. ही वाहिनी मात्र पोपांच्या काळात पुन्हा पुन्हा दुरुस्त होत राहिली आणि आजही तिच्या नावाने पाणी येतं.

पुणेकराला यात नवल वाटायचं कारण नाही. अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावांतून शनिवारवाड्यापर्यंत असंच भुयारी पाणी आणलं होतं. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले. त्यांतून कोंडलेली हवा बाहेर पडायची आणि गाळ खाली बसायचा. फरक एवढाच, की रोमच्या वाहिनीसमोर जगभरचे लोक रांग लावतात आणि कात्रजच्या वाहिनीवरून पुणेकर रोज गाडी हाकतात.

रोमच्या रस्त्यांवर 'नासोनी' नावाच्या लोखंडी तोट्या आहेत, सुमारे अडीच हजार. नावाचा अर्थ मोठी नाकं. खाली वळलेल्या नळीतून अखंड पाणी वाहतं. लोक बाटल्या भरून घेतात. पण प्यायचं असेल तर वाकावं लागत नाही. नळीचं तोंड बोटाने दाबायचं, की वरच्या बाजूच्या बारीक भोकातून पाण्याची धार कमानीसारखी उसळते आणि सरळ तोंडात घेता येते. काकूंना पहिल्यांदा अंदाज आला नाही आणि चष्मा भिजला. काकांनी दोन-तीनदा बोट लावून, काढून, दाब किती आहे याचा हिशोब केला. टूर मॅनेजर छत्री उंचावून हाका मारत होता, "काका, चला, कलोसियमची वेळ झालीय!"

कलोसियम त्यांनी अर्थातच पाहिलं. इसवी सन ८० मध्ये खुलं झालेलं, पन्नास हजार माणसं बसतील असं. पण काकांच्या लक्षात राहिला तो फ्रंटायनस. इसवी सन ९७ मध्ये हा रोमचा जलआयुक्त झाला आणि त्याने शहराच्या वाहिन्यांवर एक ग्रंथच लिहिला. वाहिनी फोडून चोरून पाणी घेणाऱ्यांबद्दल आणि त्यात सामील असलेल्या कामगारांबद्दल त्याने त्यात सविस्तर तक्रार केली आहे. हे गाईडकडून ऐकल्यावर काकांना इतकं हसू आलं, की गटातल्या लोकांनी विनोद काय झाला म्हणून विचारलं.

पॅरिसला आयफेल टॉवरचा पाण्याशी काय संबंध, असा काकूंचा प्रश्न होता. संबंध पायातच आहे. टॉवर सीन नदीच्या काठावर उभा आहे. नदीकडच्या दोन पायांचा पाया पाण्याच्या पातळीखाली जात होता. तेव्हा लोखंडी पेट्या जमिनीत उतरवल्या, त्यांत दाबाने हवा भरून पाणी बाहेर ठेवलं आणि कामगारांनी आत बसून खोदकाम केलं. चार तिरके पाय पहिल्या मजल्याच्या उंचीवर नेमके जुळायला हवे होते. त्यासाठी आधाराच्या सांगाड्याखाली वाळूने भरलेल्या पेट्या होत्या. वाळू थोडी सोडली की वरचा भार अलगद खाली येई. वर उचलायचं असेल तिथे पाण्याच्या दाबावरचे जॅक. अठरा हजारांहून अधिक सुटे भाग आणि पंचवीस लाख रिव्हेट अशा रीतीने जुळवून १८८९च्या प्रदर्शनासाठी हा मनोरा तयार झाला.

त्याला परवानगी होती फक्त वीस वर्षांची. मुदत संपल्यावर तो उतरवायचा होता, पण बिनतारी संदेशांसाठी इतका उंच खांब दुसरा नव्हता, म्हणून वाचला. आता अँटेनासह त्याची उंची ३३० मीटर आहे आणि साधारण दर सात वर्षांनी त्याला साठ टन रंग लागतो. काकू लिफ्टने टोकापर्यंत जाऊन आल्या. काकांनी दुसऱ्या मजल्यापर्यंतच्या ६७४ पायऱ्या चढायचं ठरवलं, कारण जिन्यावरून जोड जवळून दिसतात. सिंहगड पायी चढायची सवय असलेल्या माणसाला ते जड गेलं नाही. वर हवा मात्र तितकीच, ताक आणि भजी नाहीत, हे त्यांनी काकूंना बजावून सांगितलं.

लंडनमध्ये टॉवर ब्रिज होता. १८९४ साली खुल्या झालेल्या या पुलाचे दोन्ही अवजड पंख आधी वाफेच्या इंजिनांनी दाबलेल्या पाण्याच्या जोरावर उचलले जात. १९७६ पासून तेल आणि विजेची यंत्रणा आली, पण जुनी इंजिनं पुलाखालच्या दालनात घासूनपुसून ठेवली आहेत. बहुतेक प्रवासी वरूनच फोटो काढून निघून जातात. त्याच शहरात या जोडप्याने एक अर्धा दिवस गटाची परवानगी घेऊन काढला आणि प्रिमरोझ हिलजवळचं १०, किंग हेन्रीज रोड हे घर पाहिलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये लंडनच्या शिक्षणकाळात इथे राहिले. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ते विकत घेतलं. काकांना तिथे जायचं कारण वेगळंही होतं. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेबांकडे पाटबंधारे आणि वीज हे विषयही होते. दामोदर खोऱ्याची योजना आणि १९४५ सालचा केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग यांच्या मुळाशी त्यांचं काम आहे. खात्यातल्या माणसाला ते घर म्हणजे आपल्याच साहेबांचं घर.

कंबोडियातलं अंकोर वाट पाहायला लोक पहाटे अंधारात जातात. समोरच्या तळ्यात पाच कळसांचं प्रतिबिंब आणि मागून उगवणारा सूर्य, हा तिथला ठरलेला फोटो. दुसऱ्या सूर्यवर्मन राजाने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेलं हे विष्णूचं मंदिर. त्याचं दार पश्चिमेला आहे, म्हणून सूर्य पाठीमागून येतो. पूर्वेकडच्या लांबच लांब भिंतीवर समुद्रमंथन कोरलं आहे. जवळजवळ पन्नास मीटर लांबीचा एकच देखावा. गाईड वासुकी कोण ते सांगू लागला, तेव्हा महाराष्ट्रातून आलेल्या गटाने पुढची गोष्ट त्यालाच सांगितली. काकूंना तिथे आणखी एक गोष्ट हवी होती आणि ती मिळाली. १९८६ ते १९९३ या काळात, देश यादवीतून जेमतेम सावरत असताना, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याची माणसं या मंदिराच्या दुरुस्तीला येऊन राहिली होती.

काका खंदकावर रेंगाळले. मंदिराभोवतीचा हा खंदक सुमारे १९० मीटर रुंद आहे आणि त्याचा घेर पाच किलोमीटरहून जास्त. तो केवळ शोभेचा किंवा संरक्षणाचा नाही. मंदिराचा प्रचंड भार वाळूच्या भरावावर आहे. पावसाळ्यात भूजल फार वर आलं आणि उन्हाळ्यात फार खाली गेलं, तर ती वाळू हलेल आणि दगड सरकतील. खंदक भरलेला राहिला की जमिनीतली पातळी सांभाळली जाते. जवळच आठ किलोमीटर लांब आणि दोन किलोमीटर रुंद असा पश्चिम बराय हा मानवनिर्मित तलाव आहे, हजार वर्षांपूर्वीचा. पाणी अडवणं, फिरवणं आणि भाताला देणं यावर ते साम्राज्य उभं होतं. "बघ, आधी पाटबंधारे, मग देऊळ," काका म्हणाले. "देवळासाठीच पाटबंधारे," काकूंनी दुरुस्ती केली. वाद सियाम रीपच्या हॉटेलपर्यंत चालला.

नायगाऱ्याला मात्र काकांचा अक्षरशः विजय झाला. तिथल्या पाण्याचं चक्क आवर्तन असतं, हे त्यांनी गटाला पटवून दिलं. अमेरिका आणि कॅनडा यांच्यातल्या १९५०च्या करारानुसार पर्यटनाच्या हंगामात दिवसा धबधब्यावरून किमान एक लाख क्युसेक पाणी सोडावंच लागतं. रात्री आणि हिवाळ्यात किमान पन्नास हजार. बाकीचं पाणी वरच्या बाजूने वळवून वीजनिर्मितीला जातं. म्हणजे प्रवासी पाहतात तो विसर्ग वेळापत्रकाप्रमाणे असतो. पुण्यात पावसाळ्यात क्युसेक हा शब्द लहान मुलांनाही कळतो. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा खडकवासल्याचा विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या आसपास होता. त्याच्या जवळपास तिप्पट पाणी डोळ्यांसमोर कोसळताना पाहिल्यावर गटातल्या सिंहगड रस्तावाल्यांनी रेनकोटची टोपी घट्ट ओढून घेतली.

१९६९ साली तर अमेरिकेच्या लष्करी अभियंत्यांनी नायगाऱ्याचा अमेरिकन धबधबा चक्क बंद केला होता. नदीत दगडमातीचा तात्पुरता बांध घालून पाणी कॅनडाच्या बाजूला वळवलं आणि जून ते नोव्हेंबर तो कडा कोरडा ठेवला. पायथ्याशी साचलेले दगड काढावेत का, कडा किती झिजलाय, हे तपासायचं होतं. शेवटी दगड आहेत तसेच ठेवायचं ठरलं. कोरडा नायगारा पाहायलाही लोकांनी गर्दी केली होती.

इजिप्तमध्ये सगळे आधी गिझाला जातात. खुफूचा पिरॅमिड मुळात १४६ मीटर उंच होता, आज १३८च्या आसपास. त्याचं गुळगुळीत पांढरं दगडी आवरण लोकांनी कैरोच्या इमारतींसाठी काढून नेलं. काकूंनी तिथे मन भरून पाहिलं. काकांचा जीव अस्वानमध्ये होता. तिथलं उंच धरण १९६० ते १९७० या दशकात बांधलं. लांबी ३,८३० मीटर, उंची १११ मीटर. मागे पसरलेला नासर जलाशय पाचशे किलोमीटर लांब, थेट सुदानच्या हद्दीत शिरलेला. काकांनी मोबाइलवर त्याच्या साठ्याचा आकडा टीएमसीत बदलून पाहिला. उजनी ११७ टीएमसीची, खडकवासला दोन टीएमसीच्याही आत आणि हा जलाशय साडेपाच हजार टीएमसीहून मोठा. त्यांनी तो आकडा पुन्हा तपासला.

अबू सिंबेल अस्वानपासून २८० किलोमीटरवर आहे. गाड्या उजाडायच्या आधी निघतात आणि वाळवंटातून साडेतीन तासांनी पोचतात. दुसऱ्या रामसेसने इसवी सनापूर्वी तेराव्या शतकात डोंगरात कोरलेलं हे मंदिर. दर्शनी भागात राजाचे चार बसलेले पुतळे, प्रत्येकी वीस मीटर उंच. धरण बांधलं तर हे सगळं बुडणार होतं. युनेस्कोने १९६० साली जगाला हाक दिली, पन्नासेक देशांनी हातभार लावला आणि १९६४ ते १९६८ या काळात मंदिराचे करवतीने तुकडे करून ते ६५ मीटर वर आणि सुमारे २०० मीटर मागे नेऊन पुन्हा उभारलं. सरासरी तुकडा वीस टनांचा. जवळ गेलं की पुतळ्याच्या पोटरीवर, कानाजवळ, बारीक सरळ रेघा दिसतात. तेच ते सांधे. मागचा डोंगर खोटा आहे. त्याच्या आत काँक्रीटचा पोकळ घुमट आहे आणि वरून दगडमाती रचली आहे. एक पुतळा प्राचीन काळीच भूकंपात कमरेपासून तुटला होता. त्याचं डोकं पायाशी पडलेलं. नव्या जागीही ते तसंच, पडलेलं, ठेवलं आहे.

मंदिराच्या गाभाऱ्यापर्यंत वर्षातून दोनदा उगवत्या सूर्याचा किरण पोचतो. आता २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरला. कोल्हापुरात अंबाबाईचा किरणोत्सव अनुभवलेल्यांना यातली गोडी सांगावी लागत नाही. कोल्हापुरात किरण मावळतीचे, महाद्वारातून येणारे. इथे उगवतीचे. साठ मीटर आत बसलेल्या चार मूर्तींपैकी तिघींवर प्रकाश पडतो आणि पाताळाशी नातं असलेला प्टाह अंधारातच राहतो. मंदिर हलवतानाही ही दिशा अभियंत्यांनी सांभाळली.

गट फोटोंत रमला असताना काकूंनी गाईडला विचारलं, "देऊळ वर नेलं. आणि गावं?" गाईड क्षणभर थांबला. मग त्याने सांगितलं ते कुठल्याच माहितीपत्रकात नव्हतं. इजिप्त आणि सुदान मिळून सुमारे एक लाख न्युबियन लोकांना घरं सोडावी लागली. इजिप्तमधल्यांना कोम ओम्बोच्या परिसरात नव्या वसाहतींत हलवलं. सुदानमधलं जुनं वादी हल्फा शहर पाण्याखाली गेलं. सुदान म्हटल्यावर काकांना खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतला लाल दगडाचा सुदान ब्लॉक आठवला. दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या रक्षणासाठी लढलेल्या भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ त्या देशाने एक लाख पौंड दिले, त्यातून ती इमारत झाली.

परतीच्या गाडीत विषय उजनीवर आला. इंदापूर तालुक्यातलं पळसनाथाचं देऊळ धरणाच्या पाण्यात गेलं. दुष्काळी उन्हाळ्यात जलाशय आटला की त्याचं शिखर आणि मग सगळं मंदिर उघडं पडतं आणि लोक गाड्या घेऊन पाहायला जातात. ते कोणी कापून वर नेलं नाही. काकांनी खात्याची बाजू मांडली. खर्च, काळ, प्राधान्य, पुण्या-सोलापूरची तहान. काकूंनी ती ऐकून घेतली. मग त्या म्हणाल्या, "अहो, देवळाचं राहू द्या. पानशेत, कोयना, उजनीच्या धरणग्रस्तांतली किती माणसं अजून जमिनीसाठी हेलपाटे घालतायत?" यावर काकांकडे आकडा नव्हता. नोकरीतली पहिली काही वर्षं त्यांनी त्याच फायली हलवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी बस कोम ओम्बोला थांबली. मगरीचं डोकं असलेल्या सोबेक देवाचं देऊळ, शेजारी मगरींच्या ममींचं संग्रहालय. काका सरळ मागच्या बाजूच्या गोल, खोल विहिरीपाशी गेले. तो नाइलोमीटर, म्हणजे नदीची पातळी मोजायची जागा. पुराचं पाणी किती चढलं ते इथे पाहत. कमी चढलं तर दुष्काळ, फार चढलं तर नासाडी, बेताचं चढलं तर भरघोस पीक. त्या अंदाजावर त्या वर्षीचा शेतसारा ठरायचा. काकांनी कठड्यावरून वाकून आतल्या पायऱ्या मोजायला सुरुवात केली.

"म्हणजे पाणीपट्टी तेव्हापासून आहे तर," काकू मागून म्हणाल्या.

"आहे ना. आणि टाळणारेही," काका वर न बघता म्हणाले आणि मोजणी चुकली म्हणून पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू झाले.